खालच्या सुराची शिट्टी

सिस्टर,

संगीताच्या खोलीबाहेर तीन पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या डाव्या हाताला नळ. पाणी पडल्याचा आवाज आत गाण्यात येऊ नये म्हणून नळाच्या तोंडाला तुम्ही एक फडकं बांधून ठेवलेलं. शनिवारची शाळा सुटली होती. मुली गेल्या होत्या आणि मी वह्या कपाटात लावायला थांबले होते. तुम्ही बाहेर येऊन मधल्या पायरीवर बसलात, झग्याच्या खिशातून पेरू काढलात, बाहीला पुसलात आणि एक मोठा घास घेतलात. मग उरलेला माझ्यापुढे धरलात. "घे बाय, गोड आहे." वर्गात तुम्ही फक्त इंग्रजी बोलायचात. आमच्या तोंडून मराठीचा एक शब्द गेला तरी फळ्यावर नाव लागायचं. पण आसपास कुणी नसलं की तुमचं वसईकडचं मराठी बाहेर यायचं, आणि ते ऐकायला मी मुद्दाम मागे राहायचे. पेरू मी दोन्ही हातांनी घेतला. थँक्यू सिस्टर म्हणाले. तोंडाला मात्र लावला नाही. आमच्या घरी कुणी कुणाचं उष्टं खात नसे. पाणीसुद्धा भांडं वर धरून प्यायचं, आणि चव बघितलेला चमचा चुकून परत पातेल्यात गेला तर आई सगळी आमटी ओतून द्यायची. तुम्ही समोरच्या झाडाकडे बघत घास चावत होतात आणि मी पेरू धरून उभी होते. शेवटी तुम्हीच म्हणालात, "घरी नेऊन खा हो." मला वाटतं, तुम्हाला कळलं होतं. मिरजेच्या स्टेशनरस्त्यावर एक शेळी बांधलेली असायची. तो पेरू तिला मिळाला.

आज रविवार आहे. फेब्रुवारी. एर्लांगेनमध्ये दोन दिवस बर्फ पडलं आणि आता त्याचा राखाडी चिखल झालाय. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. ती बातमी मला वर्गातल्या एकीच्या निळ्या आंतरदेशीसारख्या हवाई पत्रातून कळली, तेव्हा लेक पाच महिन्यांची होती आणि मी तिच्या दुधाच्या बाटल्या उकळत होते. पत्र वाचलं, घडी घातली आणि बाटल्यांना किती मिनिटं झाली ते घड्याळात बघितलं. रडू आलं नाही. पुढे केव्हातरी येईल म्हणून थोडे दिवस वाट बघितली, मग मूल, थंडी, भाषेचे वर्ग यांत ते राहूनच गेलं. आताही तसंच आहे. येत्या गुरुवारी माझं गळ्याचं ऑपरेशन आहे. थायरॉइडच्या ग्रंथीत एक गाठ आहे, ती काढायची. लेक आखनहून रोज फोन करते. ती तिथल्या विद्यापीठात संशोधन करते, मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्ये देते. "आई, हास्ट डू आंग्स्ट?" भीती वाटते का, असं विचारते. मी आत डोकावून बघते तर तिथे काही सापडत नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर आतून जीभ लावावी आणि गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा, तसं.

सर्जन तरुण आहे. त्याने संमतीच्या फॉर्मच्या मागे फुलपाखरासारखी ग्रंथी काढली आणि तिला घासून जाणारी एक रेघ ओढली. पेनाचं टोक त्या रेघेवर टेकवून म्हणाला, "हा तुमचा आवाज." ही नस दुखावली तर आवाज बसू शकतो, काही महिने, क्वचित कायमचा. पण बहुतेक काही होणार नाही. या बहुतेकला इथे वारशाइनलिश म्हणतात. डॉक्टर तो शब्द फार वापरतात. मग त्याने विचारलं, कामासाठी आवाज लागतो का? शिक्षिका वगैरे आहात का? मी म्हटलं, नाही, विद्यापीठाच्या लायब्ररीत होते, आता निवृत्त. शेजारी हे बसले होते, मांडीवर टोपी घेऊन. एकदम जर्मनमध्ये म्हणाले, "ती गाते." सिस्टर, पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल हे वाक्य कुणी उच्चारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. सर्जनने फॉर्मवर तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "काय चुकलं का माझं?" म्हटलं, "नाही हो. बस कधीची आहे बघा."

गाते म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमचा यावर विश्वास बसणार नाही. आम्ही अकरा बायका आहोत. आमच्या गाण्याला बार्बरशॉप म्हणतात. अमेरिकेत म्हणे न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत पुरुष मिळून गात बसायचे, त्यावरून हे नाव पडलं. आता बायकाही गातात आणि जर्मनीतही गातात. ह्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "अगं, पण केस कोण कापतं?" आणि त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर तेच विचारतात. वाद्य काही नाही. चार आवाज. लीड मूळ चाल गाते, टेनर तिच्या वरून, बास खालून, आणि उरलेले सूर बॅरिटोनच्या वाट्याला. मी बॅरिटोन. आमच्या ओळीला स्वतःची चाल अशी नसते. एकटीने म्हटली तर कुणालाही वाटेल, ही बाई चुकतेय. साडीच्या आतल्या निरीसारखं आहे ते, दिसत नाही, पण ती नीट बसली नाही तर बाहेरचं सगळं तिरकं जातं. आणि चारही सूर अगदी जुळले तर एक गंमत होते. कुणीच गात नसलेला पाचवा आवाज वरच्या वर ऐकू येतो. आमच्या हॉलमध्ये मी तो चार-पाच वेळा ऐकलाय. सगळ्याजणी गाता गाता छताकडे बघतात.

मला तिथे नेलं ते लायब्ररीतल्या माझ्या मैत्रिणीने. ती बास आहे, हसली की काउंटरवरची कार्डं हलायची. मी म्हटलं, मला गाता येत नाही. ती म्हणाली, "मग तू बॅरिटोन. तिथे कुणाला कळत नाही." सात वर्षं मी त्या भरवशावर काढली. शेजारणीचा सूर कानात घ्यायचा आणि त्याच्या आडोशाला हळू म्हणायचं. कठीण जागा आली की नुसते ओठ हलवायचे. ती सवय मला होतीच, सिस्टर. लेकीला झोपवताना मी कधी गायले नाही, हे गायचे, वाटेल त्या सुरात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला मी टाळ्या वाजवते.

सप्टेंबरात आमचा हॉल बंद झाला. चर्चच्या मालकीचा आहे, त्याच्या छतात अ‍ॅस्बेस्टॉस सापडलं. दारावर पिवळी पट्टी लागली आणि उन्हाळ्यापर्यंत कुणी आत जायचं नाही असा कागद. एक मंगळवार आम्ही गाणं बसवणाऱ्या बाईंच्या घरी जमलो. त्या पेशाने सुईण आहेत, गाण्यातसुद्धा "श्वास घ्या, धरा, आता सोडा" म्हणतात. तिसऱ्या गाण्याला खालच्या मजल्यावरचे गृहस्थ घराच्या नियमांचा कागद घेऊन वर आले आणि शांततेच्या वेळेखाली त्यांनी बोटाने रेघ ओढून दाखवली. त्याच सुमाराला माझी मैत्रीण नवऱ्याच्या मोटारींच्या कारखान्यातल्या नोकरीपायी इंगोलश्टाटला राहायला गेली. ग्रूप मोडणार असं वाटलं. तेव्हा माझी लेक म्हणाली, कॉम्प्युटरवरून भेटा. सुट्टीला आली तेव्हा तिने ते सगळं बसवून दिलं. बाकीच्या दहा जणींना फोनवरून समजावलं, कानावर घालायचे माइकवाले हेडफोन कुठले घ्यायचे ते सांगितलं. चेहरे दिसत नाहीत, नुसते आवाज. पडद्यावर अकरा नावं एकाखाली एक.

पहिल्या मंगळवारी आम्ही एक-दोन-तीन करून एकदम सुरू केलं. सिस्टर, तुम्ही ते ऐकायला हवं होतं. आवाज तारेतून जाऊन यायला थोडा वेळ घेतो. म्हणून प्रत्येकीला वाटलं बाकीच्या मागे पडल्यात, आणि प्रत्येक जण बाकीच्यांसाठी थांबली. गाणं हळू हळू होत गेलं आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर बंदच पडलं. मग इंगोलश्टाटहून मैत्रीण म्हणाली, "आल्झो, तर मग, आमच्याकडे गाड्या इतक्या हळू बनवल्या तर माझ्या नवऱ्याला उद्या घरी पाठवतील." एकत्र गाणं जमणार नाही हे कळलं. मग लेकीनेच उपाय काढला. फक्त सुईणबाईंचा माइक चालू. त्या लीड गाणार आणि बाकीच्या दहा जणी आपापल्या घरी आपापला माइक बंद करून त्यांच्याबरोबर गाणार. माइक बंद करायला तिचा शब्द श्टुम, म्हणजे मुकं. "आई, श्टुम!" ती ओरडायची, कारण ह्यांचं खोकणं सगळ्यांना ऐकू जायचं. म्हणजे प्रत्येकीला एक बाई आणि स्वतः, एवढंच ऐकू येणार. बाकी कोण कसं गातंय, गातंय की नाही, कुणालाच कळणार नाही. सगळ्या कुरकुरल्या. मला मात्र ते फार सोयीचं वाटलं.

बाई म्हणाल्या, प्रत्येकीने स्वतःची पिच पाइप, म्हणजे सूर देणारी शिट्टी, जवळ ठेवा, प्रत्येक गाण्याआधी आपला सूर घ्या. बाकीच्यांनी विकत घेतल्या. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. लहानपणापासून आहे.

ती तुमचीच. पॉलिशच्या छोट्या डबीएवढी गोल, कडेला खाचा, प्रत्येक खाचेपाशी सुराचं अक्षर, आणि झाकणाला तुमच्या अंगठ्याने पडलेली चकाकी. मॅट्रिकच्या निरोपाच्या दिवशी तुम्ही ती रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तू हिची सगळ्यात जास्त काळजी घेतलीस." आपल्या खोलीत पियानो नव्हता. पेटी होती ती प्रार्थनेच्या हॉलमध्ये, कुलपात. गाणी सगळी या शिट्टीवर बसायची. तुम्ही वरच्या आवाजाच्या मुलींना सूर द्यायचात, मग शिट्टी माझ्याकडे, आणि मी ती घेऊन व्हरांड्यात जायचे, जिथे खालच्या आवाजाच्या मुली वेगळ्या बसायच्या, नळापाशी. आठवीच्या दिवाळीनंतर तुम्ही मला त्या कामाला नेमलंत. पायऱ्यांवरून तिला घेऊन जाताना मी इकडेतिकडे बघायचे नाही.

आणि मग सांगली. मी ते दिवस फार उगाळत नाही, पण एवढं लिहायलाच हवं. नववीचा उन्हाळा जवळ आलेला, शाळाशाळांची स्पर्धा, दुसऱ्या शाळेचा मोठा हॉल आणि तिथे खरा पियानो. सकाळी रंगमंचावर एकदा म्हणून बघायचं होतं. पियानो सुरू झाला. बाकीच्या मुलींनी पियानो ऐकला. मी नेहमीप्रमाणे शिट्टी ओंजळीत धरून हळूच फुंकली, तिचा सूर घेतला आणि तो घट्ट धरून गायले. आज्ञाधारक होते ना. तुम्ही हात वर केलात. पुन्हा सुरू, पुन्हा हात. तिसऱ्यांदा तुम्ही रांगेच्या टोकापासून कान लावत लावत आलात आणि माझ्यापाशी थांबलात. माझ्या खांद्यावर हात ठेवलात. सगळ्यांसमोर तुम्ही कधी मराठी बोलला नव्हतात. "बाय, तू आज नुसते ओठ हलव. आवाज नको." रागाने म्हणाला असतात तर मी घरी जाऊन रडून मोकळी झाले असते. पण तुम्ही इतक्या मायेने म्हणालात की मला ते पटलं. माझा कान वाईट आहे, हे मी माझ्या नाव-गाव-उंचीसारखं धरून चालले. कुणी विचारलं तर सांगायचे, आणि त्यात काही दुःख नव्हतं.

जानेवारीत मी ग्रूपला ऑपरेशनचं सांगितलं. पलीकडे दहाही माइक चालू होते आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरसारखं काहीतरी फुसफुसत होतं. मग बाई म्हणाल्या, "तू आणि ती नवी, अशा दोघीच बॅरिटोन आहात. तू काही महिने नसलीस तर ती कुणावर टेकणार? ऑपरेशनच्या आत तुझी ओळ रेकॉर्ड करून ठेवू. एकटीची." सप्टेंबरपासून एकेकीची एकटीने म्हणण्याची पाळी यायची आणि मी दर वेळी काहीतरी सांगून सुटायचे, खोकला, माइक, पाहुणे. आता सुटका नव्हती. शिवाय ती नवी मुलगी मला आवडते. बेकरीत काम करते, पहाटे तीनला उठते आणि तरी मंगळवार चुकवत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, मी माझा माइक उघडला. बाकी सगळ्या श्टुम. शिट्टी फुंकली, सूर घेतला, म्हणायला लागले. चार ओळी झाल्या असतील, बाईंचा आवाज आला, "थांब. सूर कुठून घेतलास?"

"शिट्टीवरून."

"मी दिलेला नाही?"

"कॉम्प्युटरमधून खरखरतो. माझ्या शिट्टीवरून घेते."

"वाजव बघू." मी वाजवली. त्यांनी त्यांची वाजवली. मग पुन्हा माझी. दोन्हींमध्ये जवळजवळ अर्ध्या सुराचं अंतर होतं. माझी खाली. एकेकीचे माइक उघडायला लागले. मैत्रीण गडगडली, "म्हणजे सगळा हिवाळा ही बाई आमच्या खाली तळघरात गातेय!" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी गाताना बाईंच्या लीडशी माझं जुळत नाही हे मला कळत होतं, सिस्टर. पण मला वाटायचं, ते माझंच. नेहमीचंच.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एक मिनिट. ती शिट्टी खोटी आहे, पण ही त्या शिट्टीशी खरी आहे. शेवटच्या अक्षरापर्यंत. बॅरिटोनची ओळ, एकटीने, कुठल्याही आधाराशिवाय, आणि तसूभर घसरली नाही." मग मला म्हणाल्या, "तुझा कान वाईट आहे असं तू सात वर्षं सांगतेस. हे तुला सांगितलं कुणी?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

त्या रात्रीच्या जेवणाला मी पोळ्या लाटत होते आणि सांगलीचा हॉल डोळ्यांसमोर होता. पियानो खरा होता, शिट्टी खाली होती, आणि मी शिट्टीशी खरी होते. पंचेचाळीस वर्षांचा हिशेब एका पोळीला लागतो तेवढ्या वेळात उलटा झाला. मला काहीतरी वाटायला हवं होतं. राग, आनंद, निदान हात थांबायला हवा होता. तवा तापला होता, मी पोळी टाकली. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मग आता गा की मोठ्याने." मी म्हटलं, "आता ऑपरेशन आलंय."

पण शिट्टी दुरुस्त करावी असं बाईंचं म्हणणं पडलं. बसने अर्ध्या तासावर एका खेड्यात अकॉर्डियन दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. मिरजेत असते तर पेटीवाल्याकडे नेली असती, तसंच दुकान, तसाच लाकडाचा आणि सरसाचा वास. त्यांनी बारीक पेचकसाने झाकण उघडलं आणि भिंग लावून आत बघितलं. मलाही दाखवलं. आत पितळेच्या बारीक बारीक जिभा असतात, वाऱ्याने त्या थरथरतात आणि सूर येतो. प्रत्येक जिभेच्या टोकावर हिरवा थर चढला होता. "टोकाला वजन चढलं की सूर खाली येतो," ते म्हणाले. "पाण्यात पडली होती का?"

"नाही."

"एकदा पडून एवढं होतही नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. मग म्हणाले, खरवडून देतो, आठवड्यात बरोबर सुरात येईल. मी म्हटलं, नको, आहे तशीच राहू द्या. त्यांनी खांदे उडवले, झाकण लावलं आणि पैसे घेतले नाहीत.

गेल्या मंगळवारी रेकॉर्डिंग झालं. सूर बाईंचा घेतला, खरखर असली तरी. लेकीने आखनहून तिच्या कॉम्प्युटरवर ते टिपायची व्यवस्था केली होती. हे स्वयंपाकघरात दार लावून बसले, खोकला आला तर टॉवेल तोंडाशी धरायचा असं ठरवून. मी उभी राहून म्हटलं, तुम्ही शिकवलं तसं, हनुवटी खाली, खांदे सैल. ओठ हलवण्याची जागा आली आणि मी तिथे ओठ नाही, आवाज लावला. गाणं संपलं. आणि पलीकडे काहीच नाही, सिस्टर. ठार शांतता. मला वाटलं लाइन तुटली. मग आठवलं, सगळ्या श्टुम आहेत. कदाचित टाळ्या वाजवत असतील, कदाचित कॉफी ओतत असतील. मी पडद्यावरच्या नावांकडे बघत उभी राहिले. मग एकेक माइक उघडल्याची टकटक आली. पहिली मैत्रीण. तिने "आल्झो" म्हटलं आणि पुढे काही बोललीच नाही, ही बाई, जी एका श्वासात तीन विनोद करते. बेकरीतली मुलगी म्हणाली, "मी पहाटे कणीक मळताना हे लावणार." बाई म्हणाल्या, "गेनाऊ. असंच." मी सगळ्यांना शुभ रात्री म्हटलं, हेडफोन काढले आणि कान गरम झाले होते ते चोळले. बस.

लेकीने चार जणींच्या ओळी एकावर एक ठेवून काल पाठवल्या. ह्यांनी हेडफोन लावून ऐकलं, दोनदा. म्हणाले, "छान आहे ग. पण यात तू कुठली ते काही कळत नाही."

"मग बरोबर झालंय," मी म्हटलं.

मी अजून ऐकलेलं नाही. त्यात तो पाचवा आवाज येतो की नाही, मला माहीत नाही. गुरुवारनंतर ऐकेन, किंवा नाही.

हे पत्र मी कुठे पाठवू? शाळेमागच्या दफनभूमीत टपाल जात नाही. गाण्यांच्या फाइलमध्ये शेवटच्या खणात ठेवणार आहे. पण कुणाला काय द्यायचं ते कुठेतरी लिहायला हवं, आणि ह्यांना लिहून दिलं तर हे तो कागद न वाचता फ्रीजवर चुंबकाखाली लावतील. म्हणून तुमच्यापाशीच लिहिते. मरणार वगैरे नाही मी. वारशाइनलिश. पण आवाज गेला तर या वस्तू घरात पडून राहू नयेत.

गाण्यांची फाइल आणि कार्यक्रमात आम्ही सगळ्या घालतो तो लाल स्कार्फ बेकरीतल्या मुलीला. फाइलमध्ये श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीच्या खुणा आहेत. तिला माझ्याइतके श्वास लागणार नाहीत, तिने हव्या त्या खोडाव्यात. हेडफोन ह्यांना, क्रिकेटच्या समालोचनासाठी, म्हणजे घरात मला ते ऐकावं लागणार नाही. रेकॉर्डिंग ग्रूपचं, ते त्यांच्याकडे आहेच. आईचं तांब्याभांडं इंगोलश्टाटच्या मैत्रिणीला. ती त्यात फुलं ठेवेल, ठेवू दे.

शिट्टी लेकीला, तुमच्या रुमालासकट. तिच्यावरून कुणी सूर घेऊ नये, ती खाली आहे. नुसती वाजवायची असेल तर वाजवावी. तिची मुलं झाली तर त्यांनी वाजवावी, एकमेकांची उष्टी वाजवावी. धुवायची मात्र नाही. दुरुस्तीवाल्यांना मी नाही म्हणाले होते, पण तुम्हाला सांगते. तुम्ही फुंकून माझ्या हातात दिलीत की व्हरांड्यात जाताना मी ती नळाखाली धरायचे, धुण्याच्या साबणाची चिपटी खिशात असायची, आठवीच्या दिवाळीपासून मॅट्रिकपर्यंत, रोज. नळाला फडकं होतं, म्हणून तुम्हाला आत ऐकू आलं नाही.